वाजलं, पण चढलं का?

मुंबईहून सुरतेला निघालेली गाडी नवसारी, मरोली, सचिन मागे टाकते आणि उधन्याच्या आधी भेस्तानला येते. खानदेशातल्या माणसाला हे नाव परकं नाही. नंदुरबार-भुसावळकडे जाणाऱ्या काही गाड्या सुरत स्टेशनात न शिरता भेस्तानहूनच चलथानकडे वळतात आणि ताप्ती मार्गाला लागतात. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून कामासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं भेस्तान, पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात राहतात. दुकानांच्या पाट्या गुजराती, गल्लीतलं बोलणं अहिराणी, आणि महापालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचेही वर्ग. कुणी लूमच्या खात्यावर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी कापडाच्या गोदामात.

अशाच एका गोदामाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, रॅकवर साड्यांचे गठ्ठे. दाराशी टेबल, टेबलावर संगणक आणि त्याच्या शेजारी बिनतारी बारकोड स्कॅनरचा बेस. तो स्कॅनर उचलून पॅकिंगवाली मुलगी पंचवीस पावलांवरच्या रॅकशी गेली आहे. समोर एकाच डिझाइनच्या आठ रंगांच्या साड्या. प्रत्येक साडीच्या पिशवीवर स्टिकर. ती साडी उचलते, बटण दाबते, टिक असा आवाज होतो आणि साडी पार्सलमध्ये जाते. पुन्हा साडी, पुन्हा टिक, पुन्हा पार्सल.

पार्सल शिवायची वेळ होते. सुपरवायझर स्क्रीन बघतो. पार्सलमध्ये चाळीस नग, सिस्टिमला अडतीस.

“ताई, दोन कमी चढलेत.”

“असं कसं दादा? सगळे वाजलेत की!”

“वाजलेत म्हणजे वाचलेत. चढलेत का, ते कुणी बघितलं?”

या प्रकरणाचा सगळा विषय या तीन ओळींत आला. स्कॅनरचा आवाज ऐकून हात पुढच्या साडीकडे जातो. त्या आवाजावर माणूस विश्वास टाकतो. तो आवाज नेमकं काय सांगतो आणि त्याने काय सांगायला हवं, हे ठरवणं आपल्या हातात असतं. त्यासाठी स्कॅनरला एक गोष्ट शिकवावी लागते: मुख्य संगणकाचं ऐकणं.

वाचलं, पोचलं, चढलं

बिनतारी स्कॅनरने केलेल्या प्रत्येक कामाचे तीन टप्पे असतात.

पहिला टप्पा वाचण्याचा. स्कॅनर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर प्रकाश टाकतो, परत आलेल्या उजेडातून पट्ट्यांच्या जाडीचं माप काढतो आणि त्याचे आकडे करतो. दुकानात मिळणाऱ्या भारतीय वस्तूंवर बहुतेकदा ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक असतो. ८९० म्हणजे तो क्रमांक जीएस१ या जागतिक संस्थेच्या भारतीय शाखेने दिलेला आहे. गोदामातल्या स्वतःच्या स्टिकरवर मात्र बहुधा कोड १२८ असतो, कारण त्यात आकड्यांबरोबर अक्षरंही बसतात. दोन्हींच्या शेवटी पडताळणीचा अंक असतो. बेरीज जुळली नाही तर स्कॅनर गप्प राहतो. त्यामुळे या टप्प्यावर चुकीचं वाचन फार क्वचित होतं.

दुसरा टप्पा पोचण्याचा. वाचलेले आकडे स्कॅनरकडून रेडिओलहरींनी बेसपर्यंत जातात. बहुतेक स्कॅनर त्यासाठी ब्लूटूथ वापरतात. हे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं तंत्र आहे, म्हणजे वायफायच्याच गर्दीतलं. या गर्दीतून वाट काढण्यासाठी नेहमीचं ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं. तरी लोखंडी रॅक, भिंती आणि अंतर यांच्यापुढे लहर कमजोर पडतेच. चांगले स्कॅनर बेसकडून पोच मिळाल्यावरच टिक करतात. म्हणजे त्यांचा आवाज दुसऱ्या टप्प्याची खात्री देतो.

तिसरा टप्पा चढण्याचा. बेसने आकडे संगणकाला दिले. आता स्टॉकच्या प्रोग्रॅमने ते ओळखले का? हा नग याच ऑर्डरचा आहे का? हेच स्टिकर आधी एकदा स्कॅन झालेलं नाही ना? या प्रश्नांची उत्तरं फक्त संगणकाकडे असतात. स्कॅनरला साडी ठाऊक नाही आणि ऑर्डरही ठाऊक नाही. त्याला फक्त पट्ट्या कळतात.

हरवलेले दोन नग या तिसऱ्या टप्प्यावर अडकले. एकाचं स्टिकर दोनदा छापलं गेलं होतं आणि दुसऱ्याचा डिझाइन नंबर अजून सिस्टिममध्ये भरलेला नव्हता, असं समजा. संगणकाने दोन्ही वेळा स्क्रीनवर लाल चौकट दाखवली. मुलगी पंचवीस पावलं लांब, रॅककडे तोंड करून उभी होती. स्कॅनरने दोन्ही वेळा खुशाल टिक केलं.

वायर होती तोवर

बारकोडची कल्पना तारेच्या भाषेतून आली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत शिकणाऱ्या बर्नार्ड सिल्व्हरच्या कानावर एका किराणा कंपनीच्या प्रमुखाची अडचण आली: गल्ल्यावर वस्तूची माहिती आपोआप कशी वाचता येईल? सिल्व्हरचा मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड त्यावर विचार करत मायामीच्या समुद्रकिनारी बसला होता. त्याला मोर्सची लिपी येत होती. वाळूत त्याने टिंबं आणि रेघा काढल्या, मग बोटांनी त्या खाली ओढल्या. टिंबाची झाली बारीक रेघ, रेघेची झाली जाड रेघ. दोघांना या शोधाचं पेटंट ७ ऑक्टोबर १९५२ रोजी मिळालं. आजचा नेहमीचा बारकोड आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांच्या आराखड्यावर उभा आहे. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटमध्ये तो पहिल्यांदा विक्रीसाठी वाचला गेला. वस्तू होती रिग्लीच्या च्युइंगगमचा पुडा, किंमत ६७ सेंट.

त्या दुकानात गल्ल्यावरच्या बाईसमोर वस्तू होती, यंत्र होतं आणि किमतीचा आकडाही होता. तिन्ही एकाच नजरेत मावत होती. वस्तू ओळखली गेली नाही तर तिला तिथल्या तिथे दिसे. यंत्राचा आवाज फक्त सोबतीला होता, निवाडा डोळेच करत.

पुढे स्कॅनर हातात आला, तेव्हाही वायर होती. वायर बहुधा दोन-तीन मीटरची, म्हणजे स्क्रीन हाताच्या अंतरावर. ही वायर गेली आणि गोदामातलं काम सोपं झालं. गठ्ठा उचलून टेबलापर्यंत आणायचा त्रास वाचला, स्कॅनरच गठ्ठ्यापर्यंत जाऊ लागला. पण वायरीबरोबर स्क्रीनही मागे राहिली. माणसाजवळ उरला फक्त आवाज, आणि तो आवाज अजून गल्ल्याच्याच जमान्यातला होता. म्हणून बिनतारी स्कॅनर घेतला की त्याच्या आवाजाची नव्याने जुळणी करणं गरजेचं ठरतं.

कीबोर्डचं सोंग

नवा स्कॅनर खोक्यातून काढून यूएसबीला लावला की बहुधा लगेच चालू होतो. एक्सेल उघडा, बटण दाबा, आकडे उमटतात. हे सोपं वाटतं, कारण स्कॅनरने कीबोर्डचं सोंग घेतलेलं असतं. संगणकाला वाटतं, कुणीतरी फार झपाट्याने टाइप करतं आहे.

या सोंगाचे दोन तोटे आहेत. पहिला असा की टाइप केलेलं अक्षर जिथे कर्सर असेल तिथे जातं. मध्येच एखादी खिडकी उघडली, कुणी वॉट्सअॅपवर क्लिक केलं, तर साडीचा क्रमांक तिकडे जाऊन पडतो. दुसरा तोटा आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. संगणक कीबोर्डला उलट काही सांगत नाही. सांगतो ते इतकंच, की कॅप्स लॉकचा दिवा लाव, नम लॉकचा दिवा विझव. त्यामुळे कीबोर्ड झालेल्या स्कॅनरला ‘हा नग चढला नाही’ असं सांगायला वाटच उरत नाही. संवाद एकतर्फी होतो.

दुतर्फी बोलण्यासाठी स्कॅनरला सीरियल पद्धतीत आणावं लागतं. पूर्वी यासाठी आरएस-२३२ नावाची जाड खिळ्यांची केबल लागे. आज साधी यूएसबी केबल पुरते. तिच्यावरच संगणक एक आभासी कॉम पोर्ट तयार करतो. या पोर्टमधून अक्षरं जातात तशी येतातही. वेगाची चिंता नको. ९६०० बॉडचा जुना, संथ वेग धरला, तरी तेरा आकडे आणि शेवटचा एंटर अशी चौदा अक्षरं साधारण १५ मिलिसेकंदांत पार होतात. उत्तर येऊन ते कानाला ऐकू येईपर्यंत हात पुढच्या साडीकडे पोचलेलाही नसतो.

घंटेचा क्रमांक सात

या पोर्टमधून बोलायची भाषाही तारेच्याच घराण्यातली आहे. १९६३ साली अमेरिकेत आस्की नावाची अक्षरांची संकेतावली ठरली. तिच्यात ए, बी, सी आणि आकडे आहेत, तसेच कागदावर न उमटणारे काही संकेतही आहेत. ते टेलिप्रिंटर चालवण्यासाठी होते. क्रमांक ७ म्हणजे घंटा: पलीकडच्या यंत्रावर घंटी वाजवा, माणसाचं लक्ष वेधा. क्रमांक ५ म्हणजे विचारणा. क्रमांक ६ म्हणजे पोचलं, मान्य. क्रमांक २१ म्हणजे अमान्य. क्रमांक १३ म्हणजे ओळ संपली, गाडा मूळ जागी आणा. क्रमांक २२ म्हणजे दोन यंत्रांचा ताल जुळवा.

भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. त्याआधीच कट्ट-कडकट्ट थांबलं होतं, टेलिप्रिंटर भंगारात गेले होते. त्यांची घंटा मात्र भेस्तानच्या गोदामातल्या स्कॅनरमध्ये अजून वाजू शकते. हनीवेलच्या अनेक स्कॅनरांत अशी सोयच दिलेली आहे: ती सुरू केली की संगणकाकडून ७ क्रमांकाचा संकेत आला रे आला, की स्कॅनर आवाज करतो.

तीन कंपन्या, तीन बोली

प्रत्येक कंपनीच्या स्कॅनरची हुकूम ऐकण्याची बोली निराळी. तीन उदाहरणं जवळून पाहू.

हनीवेलच्या पद्धतीत हुकूम तीन संकेतांचा असतो. २२, मग इंग्रजी टी हे अक्षर (क्रमांक ८४), मग १३. एवढं पोचलं की स्कॅनर बटण दाबल्यासारखा वाचायला लागतो. टीच्या जागी यू पाठवलं की थांबतो. एम पाठवलं तर पुढे सेटिंगचा हुकूम येतो आहे असं तो समजतो. सेटिंगच्या शेवटी पूर्णविराम असेल तर बदल कायमचा होतो. उद्गारचिन्ह असेल तर तो तात्पुरता राहतो आणि स्कॅनर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पुसला जातो. उत्तर देताना स्कॅनर ६ पाठवतो तेव्हा हुकूम पाळलेला असतो, ५ पाठवतो तेव्हा तो हुकूम त्याला ठाऊकच नसतो आणि २१ पाठवतो तेव्हा हुकूम ठीक, पण दिलेली किंमत मर्यादेबाहेर असते. तीन उत्तरांतला हा फरक लक्षात ठेवला, तर जोडणी करणाऱ्याचे तास वाचतात.

झेब्राच्या स्कॅनरांत एसएसआय नावाची पद्धत आहे. तिथे हुकूम पाकिटात घालून पाठवायचा. वाचायला सुरुवात कर, हे सांगणारं पाकीट सहा आकड्यांचं आहे: ४, २२८, ४, ०, २५५, २०. पहिला ४ म्हणजे पाकिटाची लांबी, शेवटचे दोन आकडे सोडून. २२८ हा मूळ हुकूम. पुढचा ४ म्हणजे हा हुकूम होस्टकडून, म्हणजे मुख्य संगणकाकडून आला आहे. ० म्हणजे विशेष सूचना नाही. पहिल्या चार आकड्यांची बेरीज २३६. शेवटचे दोन आकडे एकत्र वाचले तर होतात ६५,३००. दोन्ही मिळून बरोबर ६५,५३६, म्हणजे सोळा बिटांचा पूर्ण फेरा. वाटेत एक आकडा जरी बिघडला तरी हा हिशेब जुळत नाही आणि स्कॅनर ते पाकीट नाकारतो. किराणा दुकानदार बिलाची बेरीज दोनदा मारून बघतो, त्यातलाच हा प्रकार.

डेटालॉजिकच्या काही स्कॅनरांत हुकूम एकेका अक्षराचे असतात. ई म्हणजे चालू हो, डी म्हणजे बंद हो, एफ म्हणजे ‘हा क्रमांक यादीत नाही’ असा आवाज कर. अगदी सुटसुटीत. पण सुटसुटीतपणाची किंमतही आहे. एखादा प्रोग्रॅम त्याच पोर्टवर चुकून दुसराच मजकूर पाठवू लागला आणि त्यात डी आला, तर स्कॅनर आज्ञाधारकपणे बंद होतो. म्हणून या स्कॅनरांत होस्टच्या हुकमांकडे दुर्लक्ष करण्याचीही सेटिंग असते. ती चालू असेल तर तुम्ही कितीही ओरडा, स्कॅनर ऐकत नाही. हुकूम लागू होत नसतील तर आधी ही सेटिंग बघावी.

जोडणी, पायरी पायरीने

स्कॅनरला सेटिंगची बटणं नसतात, मग सेटिंग बदलायची कशी? त्याचं उत्तर सुंदर आहे. स्कॅनरला जे वाचता येतं त्यातूनच त्याला शिकवायचं. माहितीपुस्तिकेत खास बारकोड छापलेले असतात. ते वाचले की स्कॅनर त्यांना वस्तू समजत नाही, स्वतःसाठीची सूचना समजतो.

पहिली पायरी: स्कॅनर मूळ स्थितीवर आणा. आधीच्या कुणी काय बदललं आहे ते आपल्याला माहीत नसतं. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं.

दुसरी: स्कॅनरची बेसशी गाठ घाला. अनेक कंपन्यांच्या बेसवरच त्यासाठीचा बारकोड छापलेला असतो.

तिसरी: कीबोर्डचं सोंग उतरवा, यूएसबी सीरियलचा बारकोड वाचा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली नवा कॉम क्रमांक दिसला पाहिजे. दिसला नाही तर कंपनीचा ड्रायव्हर घाला.

चौथी: वेग आणि बाकीची मापं दोन्हीकडे सारखी ठेवा. ९६०० किंवा ११५२००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा वेग असेल, तर दोघंही बोलतात आणि कुणालाच काही कळत नाही.

पाचवी: प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी १३ हा संकेत लावा. क्रमांक कुठे संपला ते प्रोग्रॅमला त्यावरून कळतं.

सहावी: होस्टचे हुकूम ऐकण्याची सेटिंग चालू करा.

सातवी आणि सगळ्यात मोलाची: स्कॅनरचा आपल्या मनाने वाजणारा आवाज बंद करा किंवा अगदी हळू करा. ठसठशीत आवाज संगणकाच्या उत्तरासाठी राखून ठेवा. चढलं तर एक स्वच्छ टिक आणि हिरवा दिवा. नाकारलं तर जाड, घोगरा आवाज आणि लाल दिवा. स्कॅनर थरथरत असेल तर तीही सोय वापरा, कारण शेजारी मशिनं धडधडत असताना कान कमी पडतात आणि हाताला कळतं.

आठवी: स्टॉकच्या प्रोग्रॅममध्ये उत्तर पाठवण्याचा भाग लिहा किंवा लिहून घ्या. त्यात एक नियम हवाच: ठरलेल्या वेळात संगणकाकडून काहीच उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ नकार. मौनाला होकार धरला की सगळी मेहनत वाया जाते. स्कॅनर होस्टच्या पोचपावतीची वाट बघू शकत असेल तर ती सोय चालू करा. नसेल तर कामगाराला एकच गोष्ट सांगा: स्वच्छ टिक ऐकू आल्याशिवाय साडी पार्सलमध्ये टाकायची नाही.

तपासणीसाठी आधी स्टॉकचा प्रोग्रॅम नको. पुट्टी किंवा टेराटर्मसारखं साधं टर्मिनल उघडा. स्कॅन करा, क्रमांक दिसतो का बघा. मग हुकूम पाठवा, स्कॅनर वाजतो का बघा. दोन्ही बाजू इथे चालल्या, तर पुढे काही अडलं तरी दोष प्रोग्रॅमचा, हे निश्चित होतं.

शेवटी, वापरलेले सगळे सेटिंगचे बारकोड एका कागदावर क्रमाने छापा, लॅमिनेट करा आणि बेसजवळ भिंतीवर लावा. नवा स्कॅनर आला की तोच कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा. ज्याने जोडणी केली तो माणूस उद्या गावाला गेला तरी काम अडत नाही.

कुठे बिघडतं

बिनतारी व्यवस्थेत संगणकाच्या पोर्टला बेस जोडलेला असतो, स्कॅनर नसतो. हे विसरलं की घोटाळे सुरू होतात. ब्लूटूथच्या एका जाळ्यात एका मुख्य यंत्राला एका वेळी सात यंत्रं जोडता येतात. म्हणून एका बेसवर अनेक स्कॅनर चालू शकतात. मग संगणकाने ‘नाकारलं’ म्हटलं तर वाजायचं कुणी? त्यासाठी प्रत्येक स्कॅनरला नाव द्यायचं, क्रमांकासोबत ते नाव पाठवायला लावायचं आणि उत्तर त्याच नावावर धाडायचं. नाव न घालता हुकूम सोडला, तर शेजारच्या मुलीचा स्कॅनर घोगरं ओरडतो आणि ती बिचारी आपली बरोबर साडी परत रॅकवर ठेवते.

दुसरा बिघाड फार दिवस ध्यानात येत नाही. काही स्कॅनर बेसच्या टप्प्याबाहेर गेले की वाचलेले क्रमांक स्वतःजवळ साठवतात आणि परत टप्प्यात आल्यावर एकदम ओततात. स्टॉक मोजणीसाठी ही सोय चांगली. पण प्रत्येक नगाला उत्तर हवं असेल तिथे ती घातक आहे. पंधरा साड्या पार्सलमध्ये गेल्या आणि पंधरा उत्तरं मागाहून एकामागोमाग वाजली, तर नाकारलेली कुठली हे कुणाला कळणार? इथे दोन्हींतली एकच सोय ठेवता येते. पॅकिंगच्या टेबलासाठी साठवण बंदच ठेवावी.

तिसरा: एका वेळी एकच प्रोग्रॅम कॉम पोर्ट धरू शकतो. तपासणीसाठी उघडलेलं टर्मिनल बंद करायचं राहिलं, की स्टॉकचा प्रोग्रॅम पोर्ट सापडत नाही म्हणतो आणि माणूस केबल बदलत बसतो.

चौथा: काम चालू असताना दर नगामागे कायमस्वरूपी सेटिंग बदलणारे हुकूम पाठवणं. स्कॅनरची कायमची स्मृती मर्यादित वेळाच लिहिता येते. रोजच्या कामातले हुकूम तात्पुरतेच असावेत. कायमचे बदल एकदा, जोडणीच्या दिवशी.

उत्तर कुणाला ऐकू यायला हवं

वरच्या सगळ्या पायऱ्या एका तत्त्वासाठी आहेत. ज्याच्या हातून काम होतं, त्याला त्या कामाचं उत्तर तो उभा आहे तिथेच मिळालं पाहिजे. टेबलावरच्या स्क्रीनवर दिसलेली लाल चौकट सुपरवायझरसाठी उत्तर असते. पॅकिंगवाल्या मुलीसाठी ती तासाभराने आलेला ठपका असतो. पार्सल मालेगावला किंवा नागपूरला पोचल्यावर व्यापाऱ्याचा फोन येतो, माल शॉर्ट आहे, आणि बोट तिच्याकडे दाखवलं जातं. तिने तर प्रत्येक वेळी आवाज ऐकला होता. तिच्याशी खोटं बोललं ते यंत्र. आणि यंत्राला खरं बोलायला शिकवण्याचं काम कुणीतरी अर्धवट सोडलं होतं.

भेस्तानसारख्या ठिकाणी या गोष्टीचं महत्त्व आणखी वाढतं. एकाच गोदामात कुणी मराठी वाचतं, कुणी गुजराती, कुणी हिंदी, कुणी ओडिया, आणि कुणाला वाचायची सवयच नसते. स्क्रीनवरचा इंग्रजी इशारा त्यांच्यातल्या थोड्यांच्याच उपयोगाचा. स्वच्छ टिक आणि घोगरा आवाज मात्र सगळ्यांना एकाच दिवसात कळतो. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही. हातातल्या स्कॅनरमध्ये ही सोय बहुधा आधीच असते. लागते ती एका दुपारची जोडणी आणि प्रोग्रॅममधल्या थोड्या ओळी.

तुमच्या गोदामात, दुकानात किंवा औषधांच्या स्टोअरमध्ये बिनतारी स्कॅनर असेल, तर उद्या सकाळी काम सुरू होण्याआधी एक चाचणी करा. सिस्टिममध्ये नसलेल्या एखाद्या वस्तूचा बारकोड घ्या. घरच्या बिस्किटाच्या पुड्याचा चालेल. स्क्रीनकडे पाठ करून उभे राहा आणि तो स्कॅन करा. घोगरा, नकाराचा आवाज आला, तर तुमचा स्कॅनर संगणकाचं ऐकतो. नेहमीची खुशाल टिक आली, तर तुमच्याकडे रोज किती नग असे वाजून हरवतात याचा हिशेब कुणाजवळच नाही. त्याच दिवशी जोडणीला बसा.